कारपेट वळवा: महामार्गालगतच्या नमाजखान्यांच्या विश्वस्तांना खुलं पत्र

महामार्गालगतच्या मशिदी आणि नमाजखाने सांभाळणारे सदर (अध्यक्ष), मुतवल्ली (विश्वस्त) आणि कमिटीचे सभासद यांस,

अस्सलामु अलैकुम.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवते. अम्मी मुंबईला धाकट्या भावाकडे असते, तिचं डायलिसिस चालू आहे, आणि शनिवारची पाळी माझी. म्हणून गेली दोन वर्षं जवळजवळ दर शुक्रवारी रात्री मी मुंबईची आरामगाडी पकडते, रविवारी रात्री परत निघते आणि सोमवारी पहिल्या तासाला वर्गावर उभी असते. महामार्गाचं काम कसं चाललंय हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्या गाडीनं पहाटे पाचला पोचायचं, ती सव्वासहाला अजून रायगड जिल्ह्यातच असते. आणि सव्वासहा म्हणजे हिवाळ्यात ऐन फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजेची वेळ.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण हे पत्र खुलं आहे. प्रवासात आम्हाला सवलती आहेत. नमाजेतल्या चार रकातींच्या (आवर्तनांच्या) दोन होतात. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे, त्यामुळे जोहर-असर (दुपारच्या दोन) किंवा मगरिब-इशा (संध्याकाळची आणि रात्रीची) एकत्र पढायचीही मुभा आम्हाला आहे. फजरला मात्र यातलं काहीच लागू होत नाही. ती मुळातच दोन रकातींची, आणि मागच्या-पुढच्या कुठल्याच नमाजेला जोडता येत नाही. तांबडं फुटायच्या आधी आभाळ पांढुरकं होतं तेव्हापासून सूर्याचा काठ दिसेपर्यंत जो सव्वा-दीड तास मिळतो, त्यातच ती पढायची. बसल्या जागी पढावी तर सीटचं तोंड मुंबईकडे, म्हणजे उत्तरेला, आणि किब्ला, म्हणजे मक्केतल्या काब्याची दिशा, जिकडे तोंड करून नमाज पढायची, तो डाव्या हाताला. शेजारी अनोळखी बाई डोकं टेकून झोपलेली. वळणार कशी?

म्हणून तुमच्या जागा आमच्यासाठी फार मोलाच्या आहेत, आणि हे मी आधी सांगून टाकते. पहाटेच्या थंडीत नळाला पाणी असणं, दिवा असणं, बाईमाणसाला आत जाऊन कडी लावता येणं, याचं मोल दहा तास गाडीत अंग अवघडलेल्या बाईला विचारा. हे पत्र तक्रारीचं आहे, पण उपकार विसरून लिहिलेलं नाही.

आता प्रसंग सांगते. जागेचं नाव लिहीत नाही. ते लिहिलं की बाकीचे सगळे म्हणतील, ‘ते त्यांचं, आमच्याकडे तसं नाही.’ असेलही तसं. पण आधी मोजा, मग म्हणा.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. गाडी चहाला थांबली. मागच्या अंगाला मशीद आहे, तिच्या कडेला पत्र्याची पडवी काढून बायकांसाठी खोली केलीय. मी तिथे दोन वर्षं जात होते. जमिनीवर हिरवं कारपेट, त्यावर सफेच्या (नमाजेला उभं राहायच्या रांगेच्या) पांढऱ्या पट्ट्या, भिंतीला टेकवलेली कुराण ठेवायची दोन मोडकी रेहालं. खिडकीवर पावसाळ्यात बांधलेली निळी ताडपत्री कायमची तशीच असायची. त्या दिवशी ती कुणीतरी वाळवायला काढली होती. मी पट्टीवर उभी राहिले, दोन रकाती पढले, उजवीकडे सलाम फिरवला, मग डावीकडे मान वळवली आणि समोर खिडकीत तांबडं फुटलेलं.

क्षणभर बरंच वाटलं, सुंदर होतं ते. मग डोक्यातली भूगोलाची बाई जागी झाली.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही. पूर्वेपासून जवळजवळ 25 अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. काब्याकडे तोंड करून उभं राहिलं तर ते तांबडं माझ्या पाठीमागे असायला हवं होतं. ते डाव्या खांद्यापाशी आलं होतं. म्हणजे माझं तोंड पश्चिमेला नव्हतंच, नैर्ऋत्येला होतं. मी तशीच बसून राहिले. बाहेर कंडक्टर हाका मारत होता.

जानेवारीत एक रजा टाकून दिवसाउजेडी तिथे गेले. शाळेतलं होकायंत्र नेलं होतं. खिडकीच्या लोखंडी गजांपासून लांब, कारपेटच्या मध्यावर ते ठेवून सफेचा रोख तीन वेळा मोजला. 225 अंश, उत्तर शून्य धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. रायगड जिल्ह्यातून किब्ला येतो 281 अंशांवर, म्हणजे पश्चिमेपासून 11 अंश उत्तरेकडे. फरक 56 अंशांचा. कोकणात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम अंशभराचा फरक आहे, तेव्हा त्या नावावरही हे खपवता येणार नाही. सोबत भाचा होता, त्याला होकायंत्र देऊन पुरुषांच्या बाजूला पाठवलं. मेहराब (किब्ल्याची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा) 279 अंशांवर. कुठल्या जुन्या गवंड्यानं कसं साधलं असेल कोण जाणे, पण दोन अंशांचाच फरक. त्याला दुवा.

मग बायकांच्या खोलीत घोडं कुठे पेंड खाल्लं? आवारात चक्कर मारली तेव्हा कळलं. रस्ता रुंद झाला, पुढची जागा गेली, मागे पडवी काढावी लागली. पडवीची भिंत नव्या रस्त्याला समांतर धरली आणि कारपेट भिंतीला समांतर पसरलं. तिथे रस्त्याला वळण आहे. एवढंच. कुणाचा वाईट हेतू नाही, कुणी मोजलंच नाही. गंमत अशी की 225 अंश हा किब्ला कुवेत शहराचा आहे, अगदी बरोबर. कारपेट कुवेतला नोकरीला असलेल्या एका भल्या माणसाच्या देणगीतून आलंय असं पाटीवर लिहिलेलं आहे. कारपेटाबरोबर किब्लाही तिकडचाच आला म्हणायचा.

मी सदर साहेबांना फोन केला. अदबीनं बोलले, मीही अदबीनं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘बाई, अल्लाह सगळीकडे आहे. प्रवासात एवढं बघायचं नसतं. नियत साफ ठेवा.’’ मी म्हटलं, नियत माझी साफ आहे, कारपेट वाकडं आहे. त्यांनी विषय कमिटीपुढे ठेवतो म्हणून सांगितलं. पुढच्या शुक्रवारी मी निघताना शाळेसमोरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून पिवळी चिकटपट्टी घेतली आणि पहाटे त्या खोलीत कारपेटवर बरोबर दिशेचा एक बाण चिकटवला. वीतभर रुंद, हातभर लांब. त्याच्या पुढच्या शुक्रवारी बाण नव्हता. नुसता चिकटा राहिला होता आणि त्याला धूळ धरून बाणाचा आकार काळा उमटला होता. झाडलोट करणारी मावशी म्हणाली, ‘‘कमिटीनं काढायला लावला. आहे तसं राहू दे म्हणाले. लोकांत चर्चा नको.’’

हा तो निर्णय, ज्याच्यामुळे मी हे लिहिते आहे. चूक झाली त्याचा मला राग नाही. चूक दाखवल्यावर खूण पुसली, त्याचा आहे.

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

पहिली, ‘सगळीकडे अल्लाह आहे’ या उत्तराबद्दल. मी आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली) नाही, पण हे उत्तर मला इतक्यांदा मिळालंय की त्यावर बोलणं भाग आहे. पूर्व आणि पश्चिम अल्लाहचीच, जिकडे तोंड कराल तिकडे तोच आहे, ही कुराणातल्या सूरह बकरा या अध्यायाची 115वी आयत. त्याच सूरहत पुढे 144वी आयत आहे, आणि तिच्यात स्पष्ट हुकूम आहे: तुम्ही जिथे असाल तिथून मस्जिदे-हरामकडे (काब्याभोवतीच्या मशिदीकडे) तोंड वळवा. पहिली सांगायची आणि दुसरी गाळायची, हे कसं? हदीसमध्ये येतं की रसूलुल्लाह (स.), म्हणजे पैगंबर, प्रवासात सवारीवर बसून, ती जिकडे जाईल तिकडे तोंड असताना, नफ्ल (ऐच्छिक) नमाज पढत. पण फर्ज (सक्तीची) नमाज पढायची असली की खाली उतरत आणि किब्ल्याकडे तोंड करत. म्हणजे प्रवासाची सवलत कुठवर आणि कुठे नाही, हे आधीच सांगितलेलं आहे. दिशा कळायला मार्गच नसेल, अंधार असेल, विचारायला कुणी नसेल, तर आपल्या अंदाजानं पढावी, हेही आहे. पण तो अंदाज माझा असतो. तुम्ही जेव्हा जमिनीवर पट्टी आखता, तेव्हा माझा अंदाज मी तुमच्या हवाली करते. मशिदीत आल्यावर कोण विचारतं की पट्टी बरोबर आहे का?

आणि एक प्रसंग मला राहून राहून आठवतो. हिजरी 2 मध्ये, म्हणजे इसवी सन 624 मध्ये, किब्ला जेरुसलेमकडून काब्याकडे बदलला. मदिनेजवळच्या कुबा इथे लोक नमाजेत उभे होते. कुणीतरी येऊन सांगितलं की काब्याकडे तोंड करायचा हुकूम आलाय. ते नमाज न मोडता तसेच वळले. मदिनेहून जेरुसलेम उत्तरेला आणि मक्का दक्षिणेला. म्हणजे ते जवळजवळ अर्धा वर्तुळ फिरले. एका माणसाच्या सांगण्यावरून. आणि ती नमाज फजरचीच होती. तुमचं कारपेट 56 अंश वळायला तयार नाही.

दुसरी तक्रार हिशोबाची आहे. हनफी पंथाचे उलमा (धर्मपंडित) दिशेत 45 अंशांपर्यंतचा फरक चालवून घेतात. 56 त्यांच्याकडेही बसत नाही. आम्हा शाफईंकडे तर त्याहून कडक आहे. चूक खात्रीनं कळली तर ती नमाज पुन्हा पढायची, असं आमच्या मोहल्ल्याच्या मौलानांनी मला सांगितलं. मी गाडीची तिकिटं डायरीत जपून ठेवते, शाळेच्या सवयीनं. मोजली तर त्या खोलीत पढलेल्या फजरच्या नमाजा निघाल्या 43. रोज इशानंतर एक याप्रमाणे त्या मी पुन्हा पढते आहे. हे पत्र लिहिताना 12 उरल्या आहेत. माझं होईल. पण त्या खोलीत माझ्यासोबत उभ्या असायच्या त्या बायकांचं काय? महाडहून सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या एक आजी होत्या, त्यांना गुडघ्यामुळे खाली बसवत नव्हतं, तरी पट्टीवर नीट पाय जुळवून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना कोण सांगणार? ‘चर्चा नको’ म्हणजे ‘त्यांना कळू नये’ असाच त्याचा अर्थ होतो ना?

तिसरी तक्रार बायकांच्या बाजूनं, आणि ही मी थोडी जोरात करते. मेहराब पुरुषांच्या बाजूला आहे. आमच्या बाजूला फक्त भिंत. पुरुष आत शिरला की त्याला दिशा डोळ्यांनी दिसते. आम्हाला ती कुणीतरी आखून द्यावी लागते. म्हणजे आमच्याकडे जास्त काळजी घ्यायला हवी, आणि होतं नेमकं उलट. बायकांची खोली नेहमी मागून जोडलेली, उरलेल्या जागेत, उरलेल्या कारपेटची. मी या महामार्गावर आणखी चार ठिकाणी मोजायला गेले. दोन ठिकाणी दोन्ही बाजू ठीक होत्या. एका ठिकाणी बायकांसाठी पडदा होता पण जमिनीवर काहीच खूण नव्हती. आणि एका ठिकाणी कुलूप होतं, किल्ली अजान देणाऱ्या बांगी साहेबांकडे आणि ते गावाला गेलेले. ते मोजायचं राहिलं.

चौथी. ‘हल्ली सगळ्यांकडे मोबाईल आहे, ॲपवर बघून घ्यावं,’ असं तुमच्यापैकी एका सभासदानं मला ऐकवलं. त्यांना एक पहाट सांगते. त्या चिकटपट्टीनंतरचाच एक शुक्रवार. खोलीत आम्ही तिघी होतो. मी, कॉलेजला जाणारी एक मुलगी, आणि मालेगावकडच्या एक खाला. मी म्हटलं, पट्टी चुकीची आहे. मुलीनं फोन काढला, बाण फिरला आणि कोपऱ्यातल्या बादलीकडे जाऊन थांबला. खालांच्या फोनमधला बाण दाराकडे. माझा तिसरीकडेच. तीन फोन, तीन किब्ले. आणि वेळ सरत चाललेली. मग मुलीच्या फोनचं कव्हर काढायला लावलं. त्याच्या झाकणात लोहचुंबक होतं, ते बंद करताना टक् करून चिकटतं ना, तेच. खालांचं लोकेशन बंद होतं, फोन अजून त्यांना घरीच समजत होता. तसं मालेगाव आणि इथल्या किब्ल्यात दोन-तीन अंशांचाच फरक, त्यानं काही दार किब्ला होत नाही. पण त्या फोन धरून उभ्या होत्या लोखंडी कपाटाला टेकून. माझा फोन बरेच दिवस हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवलेला नव्हता, तो फिरवल्यावर ताळ्यावर आला. ॲप किती अंश ते बिनचूक काढतं, तो साधा हिशोब आहे. पण उत्तर कुठे हे ते फोनमधल्या चुंबकमापीला विचारतं, आणि तो बिचारा जवळच्या प्रत्येक लोखंडाला भुलतो. पत्र्याच्या पडवीत, स्टीलच्या बसमध्ये, रेल्वेच्या डब्यात त्याच्यावर विसंबणं म्हणजे आंधळ्याला वाट विचारणं.

रेल्वेचं निघालंच आहे तर एक जाता जाता. कोकण रेल्वेनं मुंबईला जाताना मी ॲप बघतच नाही. गाडीचं तोंड साधारण उत्तरेला, म्हणजे किब्ला डावीकडे. डब्यातल्या मोठ्या खिडकीची बाजू डावीकडे आली तर नशीब. दोन बर्थच्या मधे खिडकीकडे तोंड करून उभं राहता येतं. साइड बर्थची बाजू डावीकडे आली तर समोर कुणाचे तरी पाय येतात, मग त्यांना विनंती करायची. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. एकदा एका सावंतवाडीच्या काकांनी तर स्वतः उठून उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थोपवून धरलं होतं, चहावाल्यासकट. परक्यांकडून इतकं मिळतं, म्हणून घरच्यांकडून मिळालं नाही की जास्त लागतं.

आणि ‘आपल्याकडे किब्ला म्हणजे पश्चिम’ हे जे सर्रास समजलं जातं, तेही एकदा नीट करून घ्या. मी वर्गात पृथ्वीगोल घेते, मुंबईवर बोट ठेवून मक्केपर्यंत दोरा ताणायला लावते. दोरा पश्चिमेला निघत नाही, थोडा उत्तरेकडे चढून निघतो. मुंबईत 280 अंश, रत्नागिरीत 283, आणि खाली कोचीला गेलात तर 293. वर दिल्लीला जा, तिथे तो पश्चिमेच्या थोडा दक्षिणेकडे उतरतो, 267 च्या आसपास. न्यूयॉर्कहून ताणला तर दोरा ईशान्येकडे जातो आणि सगळा वर्ग ओरडतो, ‘बाई, चुकलं!’ चुकत नाही, गोल वस्तूवर सरळ वाट अशीच असते. गझनीचा किब्ला काढायला अल-बिरूनी या विद्वानानं अकराव्या शतकात हाच हिशोब केला होता, आणि त्याच्याकडे फोन नव्हता.

चूक कबूल केल्यानं कुणाची इज्जत जात नाही, याचं मोठं उदाहरण हवं असेल तर इंडोनेशियाकडे बघा. तिथल्या उलमा कौन्सिलनं मार्च 2010 मध्ये फतवा काढला की इंडोनेशियाचा किब्ला पश्चिम. लक्षात आणून दिलं गेलं की तसं सरळ पश्चिमेला गेलं तर आफ्रिका येते. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी जाहीरपणे दुरुस्ती केली, वायव्य म्हणून सांगितलं. खुद्द मक्केत दोनशेच्या आसपास जुन्या मशिदींचा रोख अचूक नसल्याच्या बातम्या 2009 मध्ये आल्या होत्या. काब्याच्या गावात हे होऊ शकतं, तर रायगडच्या पडवीत झालं याची लाज कसली? 2007 मध्ये मलेशियाचा अंतराळवीर रमजानच्या दिवसांत अवकाश स्थानकावर गेला, तेव्हा मलेशियातल्या उलमांनी बसून त्याच्यासाठी क्रम ठरवून दिला: जमलं तर काबा, नाही तर काब्याची सरळ वरची रेषा, नाही तर पृथ्वी, तेही नाही तर जिकडे तोंड असेल तिकडे. दीड तासात पृथ्वीला फेरी मारणाऱ्या एका माणसासाठी एवढा विचार झाला. आमची खोली तर जागची हलतही नाही.

आता मागण्या. फार नाहीत, आणि एक सोडली तर कशालाच फारसा खर्च नाही.

दोन्ही बाजूंचा रोख मोजून घ्या, पुरुषांचा आणि बायकांचा. फोननं नको. आणि त्यासाठी माणूसही बोलवायला नको, सूर्य आहे. वर्षातून दोनदा सूर्य काब्याच्या बरोबर डोक्यावर येतो. 27 किंवा 28 मेला आपल्या घड्याळात दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी, आणि 15 किंवा 16 जुलैला 2 वाजून 57 मिनिटांनी. त्या घटकेला जिथे ऊन असेल तिथे ओळंबा टांगायचा. सावलीच्या टोकापासून ओळंब्याकडे जी रेघ जाते, तोच किब्ला. गवंड्याला सांगा, तो तुमच्याआधी समजेल. जुलैत कोकणात ऊन कुठलं, तेव्हा मे चुकवू नका. ढग आले तर एक दिवस आधी किंवा नंतर, त्याच मिनिटाला केलं तरी आपल्या कामापुरतं ठीक येतं. आतल्या खोलीत ऊन येत नसेल तर अंगणात रेघ मारा आणि दोरी धरून आत न्या.

मग ती रेघ जमिनीवर रंगानं आखा आणि भिंतीवर बाण काढा. बाणाखाली किती अंश, कुठल्या तारखेला मोजलं आणि कुणी मोजलं, ते लिहा. गॅसच्या टाकीवर तपासणीची तारीख असते, वजनकाट्यावर शिक्का असतो, इथेही असू द्या. कारपेट वाकडं दिसेल, कोपऱ्यात त्रिकोण उरतील, खोलीत दोन माणसं कमी मावतील. मावू देत.

जिथे चूक निघेल तिथे दारावर कागद लावा: अमुक साल ते अमुक साल या खोलीतल्या सफेचा रोख चुकलेला होता. ज्यांनी इथे नमाज पढली त्यांनी काय करायचं, ते हनफी आणि शाफई दोन्ही उलमांना विचारून त्याखाली लिहा. मला कळलं ते तांबडं दिसलं म्हणून. बाकीच्यांना कळायला तुमच्या कागदाशिवाय दुसरा मार्ग नाही. ही मागणी तुम्हाला सर्वांत जड जाणार हे मला माहीत आहे, आणि हीच मी सोडणार नाही.

बायकांच्या खोलीची किल्ली फजरच्या वेळी एकाच माणसाच्या खिशात नसावी. पाणी आणि दिवा असावा. खर्चाची मागणी ती ही, विजेच्या बिलाची. वर्गणी लागली तर सांगा, देईन.

हॉटेलवाल्यांना आणि गाडीवाल्यांना या पत्रात मी मुद्दाम काही मागितलेलं नाही. ते रात्री एकला मिसळीसाठी अर्धा तास थांबतात आणि फजरला दहा मिनिटं थांबायला कुरकुरतात, ते भांडण वेगळं आहे, पुन्हा कधीतरी.

सदर साहेब, तुम्ही फोनवर मला विचारलंत, ‘‘बाई, एवढं कशाला मनाला लावून घेता?’’ तेव्हा उत्तर सुचलं नाही. अम्मीला डायलिसिसच्या खुर्चीत चार तास हलता येत नाही, एका हाताला नळ्या लावलेल्या असतात. जोहरची वेळ झाली की ती मला विचारते, किब्ला कुठे? मी सांगते, उजवीकडे, औषधांच्या कपाटाच्या जरा अलीकडे. ती नुसती मान तेवढी वळवते. तिच्यावर सक्ती नाही, तिला सगळी सवलत आहे, हे मौलानांनीही तिला सांगितलंय. तरी ती विचारते आणि मी सांगते, आणि सांगण्याआधी पहिल्या दिवशी मी तिथे मोजून घेतलं होतं.

28 मेला शाळेला सुट्टी असते. तुम्ही मोजणार असाल तर कळवा, मी दीड वाजेपर्यंत तिथे पोचते. ओळंबा माझ्या मामूंचा आहे, गवंडीकाम करायचे ते. तो घेऊन येईन, खडू आणि दोरीही. घड्याळ तेवढं आधी रेडिओच्या वेळेला लावून ठेवा.

आपली,
एक प्रवासी, भूगोलाची शिक्षिका
रत्नागिरी जिल्हा